परतीचं वाचन

सोमवारी सकाळी आईची वेणी घालता घालता मावशी म्हणाल्या, "ताई, एक तारखेपासून मी येणार नाही. दुसरी कुणीतरी बघून ठेवा."

मी एका पायात चप्पल घालून उभी होते. दुसरी पलंगाखाली गेली होती. ती पायानंच ओढत होते, कारण हल्ली वाकलं की कंबर सहजासहजी सरळ होत नाही. तशीच थांबले. "येणार नाही म्हणजे? झालं काय? आई काही बोलली का?"

"आजी काय बोलणार बिचाऱ्या!"

मावशी वयानं माझ्याहून आठ वर्षांनी लहान. पण आजारी माणसाला सांभाळायला येणाऱ्या बायकांना सगळे मावशीच म्हणतात, म्हणून मीही म्हणते. त्या मला ताई म्हणतात. आईचं उजवं अंग लुळं पडलं त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून त्या सकाळी आठला येतात आणि मी ऑफिसातून परतले की जातात. त्या आहेत म्हणून माझी नोकरी आहे. हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही. आता बोलावंसं वाटलं, तर त्या कंगव्यात अडकलेले केस काढण्यात गुंतलेल्या.

"मंडळानं यादीतून माझं नाव काढलंय," त्या म्हणाल्या. मंडळ म्हणजे या बायकांची स्वतःची संस्था. "यादीत नाव नसलं तर आरोग्य खात्याच्या नव्या नियमानं कुणाच्या घरी काम करता येत नाही. तुमच्या त्या अहवालात आलंय म्हणे माझ्याबद्दल. तुम्हाला ठाऊकच असेल."

मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असायला हवं होतं, पगारच त्याचा घेते मी. 'बघते बघते' असं काहीतरी पुटपुटून मी चप्पल ओढली आणि बाहेर पडले.

माझं ऑफिस म्हणजे कॅथलिक विद्यापीठाचा लोकसहभाग कक्ष. नाव मोठं, लक्षण खोटं. जिन्याखालची खोली, दोन टेबलं, एक लोखंडी कपाट, भिंतीवर क्रूस आणि त्याच्याखाली हा कक्ष सुरू करणाऱ्या थोरल्या फादरांचा फोटो. आमच्या प्राध्यापकांना आजूबाजूच्या लोकांचा अभ्यास करायचा असला, मग ते कपडे धुणारे असोत, बस धुणारे असोत की म्हातारी माणसं सांभाळणाऱ्या बायका, तर थेट वही घेऊन जाता येत नाही. आधी आमच्याकडे यायचं. त्या लोकांच्या संस्थेशी करार करायचा. प्रत्येकाचं संमतीपत्र घ्यायचं, नावाच्या जागी नंबर द्यायचा. नाव आणि नंबर यांची यादी त्या कपाटात असते आणि कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये.

आणि शेवटी फॉर्म क्रमांक सात. हा थोरल्या फादरांचा. त्यांचा नियम असा, की ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांच्याकडे परत जायचं, त्यांच्या जागेत बसायचं आणि अहवाल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मोठ्यानं वाचायचा. कुणी हरकत घेतली तर चूक सुधारायची, सुधारता येत नसेल तर हरकत जशीच्या तशी छापायची. त्याआधी कागद विद्यापीठाच्या फाटकाबाहेर जायचा नाही. याला आमच्याकडे परतीचं वाचन म्हणतात. फादर म्हणायचे, "जे लोकांच्या तोंडावर वाचता येत नाही, ते त्यांच्या पाठीमागं लिहू नये." ते स्वतः तीन तीन तास वाचायचे. समोर माणसं घोरायची, फादर घोटभर पाणी प्यायचे आणि पुढचं पान उलटायचे.

फादर गेले. मग अख्ख्या अहवालाचा सारांश झाला, सारांशाची दोन पानं झाली आणि दोन पानांचा चहा-बिस्किटं आणि एक फोटो झाला. नियम मी मोडला नाही हो. तो झिजला, चपलेच्या टाचेसारखा, आणि झिजताना कुणाला टोचला नाही.

या खेपेला तर चहासुद्धा झाला नाही. तीन आठवड्यांपूर्वी मंगळवारी चार वाजता मंडळाच्या खोलीत वाचन ठरलं होतं. मला जायला हवं होतं, कारण ते माझं काम. मावशींना जायचं होतं, कारण ज्या चौदा जणींच्या मुलाखती झाल्या त्यांतल्या त्या एक. आणि आईला एकटं सोडता येत नाही. मावशी म्हणाल्या होत्या, "ताई, काय लिहिलंय ते ऐकायची फार इच्छा होती." मी दोन दिवस विचार केला. खरं तर विचारही केला नाही, नुसती कंटाळले. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, अशी गत. मंडळाच्या अध्यक्षबाईंना फोन केला, "वाचन राहू द्या, पूर्ण अहवालच पाठवून देते." त्याही म्हणाल्या, बरं झालं, इथं वेळ कुणाला आहे. मावशींना सांगितलं, रद्द झालं, तसंही त्यात काही विशेष नाही. आणि फॉर्म सातवर 'वाचन झाले' याच्यापुढं बरोबरची खूण करून सही ठोकली. पेन अडखळलंसुद्धा नाही.

तर त्या सोमवारी ऑफिसात जाऊन मी पहिल्यांदा तो अहवाल वाचायला घेतला. शेहेचाळीस पानं. एकतिसाव्या पानावर हे होतं: 'सहभागी क्र. ११ (विद्यापीठामागील वस्तीत एकाच घरी सहा वर्षे कार्यरत) हिने पूर्णतः परावलंबी रुग्णास दुपारी चाळीस मिनिटे एकटे सोडून ती वैयक्तिक कामासाठी बाहेर गेल्याचे मान्य केले. रुग्ण त्या वेळी झोपेत असल्याने अनर्थ टळला.' त्याच्याखाली शिफारस, की अशा व्यक्तींची नावं यादीत ठेवू नयेत.

कपाट उघडायची गरजच नव्हती. विद्यापीठामागच्या वस्तीत, एकाच घरी, सहा वर्षं. नाव झाकलं आणि घराचा पत्ता उघडा ठेवला! हे तपासायचं काम कुणाचं? माझं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

पण खरी गोष्ट पुढंच आहे. ती चाळीस मिनिटं कुठली, ते मला आठवलं. मी खुर्चीत बसून राहिले.

गेल्या वर्षी याच प्रकल्पाला मंजुरी द्यायला एथिक्स कमिटी बसली होती. चौदा सह्या केलेली संमतीपत्रं समोर नसतील तर प्रकल्प सहा महिने पुढं. ती निळी फाईल मी घरी जेवणाच्या टेबलावर विसरले होते. घरी फोन लावला. "मावशी, तेवढी निळी फाईल फाटकापर्यंत आणून द्या ना."

"ताई, आजींना एकटं कसं टाकू?"

"झोपली आहे ना ती? मग दहा मिनिटांचं तर काम आहे."

"पण ताई..."

"अहो मी सांगतेय ना! माझी आई आहे, मी सांगतेय!"

त्या आल्या धापा टाकत. फाटकावरच्या वॉचमननं आत सोडलं नाही. मी मीटिंगमध्ये, खाली यायला मला पंधरा मिनिटं लागली. फाईल हातातून ओढून घेतली आणि वर पळाले. आभार वगैरे काही नाही. त्या फाईलमध्ये मावशींचं स्वतःचं संमतीपत्रही होतं, मुलाखतीत जे विचारू त्याचं खरं उत्तर देईन असं लिहून दिलेलं. त्यांनी ते पाळलं.

मी उठले आणि डेटासाहेबांकडं गेले. हे नाव मीच ठेवलंय. अहवाल लिहिणारे आमचे तरुण प्राध्यापक, हुशार, सरळ माणूस, पण दर तिसऱ्या वाक्याला डेटा.

"एकतिसाव्या पानावरचं ते वाक्य काढा," मी म्हटलं.

"मॅडम, डेटा असा काढता येत नाही. कारण काय?"

"चूक आहे ते."

"सहभागीनं स्वतः मान्य केलंय. मी विचारलं, का गेलात? त्या म्हणाल्या, काम होतं."

"काम होतं म्हणाल्या ना? मग 'वैयक्तिक' कुठून आलं?"

"दुसरं कुठलं असणार? शिवाय वाचनाच्या वेळी कुणीही हरकत घेतली नाही. फॉर्म सातवर तुमचीच सही आहे."

माझंच खेटर माझ्या तोंडावर. शुक्रवारी बिशप येऊन अहवालाचं प्रकाशन करणार होते आणि तिथूनच प्रत शहराच्या आरोग्य खात्याकडं जाणार होती. एकदा तिकडं गेली, की मावशींना कुठलंच दार उघडणार नव्हतं.

तशीच सिस्टरकडं गेले. सिस्टर म्हणजे आमच्या कक्षाच्या प्रमुख, सत्तरी ओलांडलेल्या नन. गुडघे गेलेत, पण लिफ्टची वाट बघत नाहीत. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "सिस्टर, मंडळात वाचन झालंच नाही. मी खोटी खूण केली."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पूर्ण वाचन शेवटचं कधी झालं होतं?"

"सात-आठ वर्षं झाली असतील."

"मला अंदाज होता," सिस्टर म्हणाल्या. "मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मलाही यावं लागलं असतं, तीन तास बसावं लागलं असतं." मग बराच वेळ त्या डोळे चोळत राहिल्या. दोघीही इतक्या दमलेल्या होतो, की रागवायचं त्राण कुणातच नव्हतं. "शुक्रवारच्या आत वाचा. गुरुवारी."

"गुरुवारी आईजवळ कुणीतरी..."

"मग तिच्यासमोर वाचा. नियम काय आहे? त्यांच्या जागेत. या बायकांची जागा रुग्णाची खोलीच की. आपण सगळे तुमच्या घरी येऊ."

चाळीस मिनिटांचं मात्र मी सांगितलं नाही. मनात हिशेब असा, की वाचन झालं की मावशी स्वतःच हरकत घेतील, खरं काय ते सांगतील, मी मान खाली घालीन आणि मिटेल. चोर तो चोर, वर माझी चोरी दुसऱ्यानं सांगावी अशी अपेक्षा! तीन दिवस मी त्याच आशेवर काढले. मावशी रोज आल्या, आईला भरवलं, कूस बदलली, आणि एक अक्षर बोलल्या नाहीत.

गुरुवारी चार वाजता आईच्या खोलीत मुंगी शिरायला जागा उरली नाही. मावशी धरून चौदा बायका, काही खुर्च्यांवर, बाकीच्या खाली भिंतीला टेकून. कामावरून थेट आलेल्या, कुणाच्या हाताला अजून औषधी तेलाचा वास. अध्यक्षबाई दाराजवळ. सिस्टरना स्टूल दिलं. डेटासाहेब खिडकीत पेन घेऊन. आईला उशा लावून बसती केली होती. एवढी माणसं तिनं सहा वर्षांत बघितली नव्हती. ती एकेकीकडं टकामका बघत होती. मावशी तिच्या पायाशी बसून तिची नखं कापायला लागल्या. रिकामं बसणं त्यांना जमतच नाही.

मी वाचायला सुरुवात केली. पहिली आठ पानं कुणी हूं की चूं केलं नाही, दोघी पेंगल्या. नवव्या पानावर एकीनं हात वर केला. "'रुग्णाशी भावनिक जवळीक' म्हणजे काय हो?"

दुसरी म्हणाली, "म्हणजे अगं, त्यांच्या शिव्या खायच्या आणि त्यांनाच वरणभात भरवायचा."

खोली हसली. चौदाव्या पानावर लिहिलं होतं, की या बायका दुपारी सरासरी दोन तास विश्रांती घेतात. त्यावर असा गलका उठला, की विचारू नका. "कोण घेतं? नाव सांगा तिचं, मी जाते तिच्या जागी!" डेटासाहेब लाल होऊन लिहीत होते. "मी 'मोकळा वेळ' विचारला होता," ते म्हणाले. "रुग्ण झोपल्यावर आम्ही त्याचे कपडे धुतो, त्याला मोकळा वेळ म्हणतात होय?" एकीनं विचारलं. त्यांनी ते खोडलं. मला वाटलं, थोरले फादर इथं बसले असते तर किती खूश झाले असते. आणि मग वाटलं, आठ वर्षं मी हे असंच वाहून जाऊ दिलं.

एकतिसावं पान आलं. माझा आवाज बसला होता. वाचलं. 'रुग्ण त्या वेळी झोपेत असल्याने अनर्थ टळला' इथं थांबले. सगळ्यांना ठाऊक होतं अकरा नंबर कोण ते.

"हरकत?" मी विचारलं. मावशींकडं बघून विचारलं.

मावशींनी मान वर केली नाही. "वाचा ताई पुढं."

"बघा, तिला कबूलच आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या. "आम्ही काय हौसेनं नाव काढलं का? एकीमुळं सगळ्या बदनाम होतात."

मी पान उलटायला बोट लावलं. खरंच लावलं होतं. उलटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं, माझ्यापुरतं.

"हरकत आहे," मी म्हटलं. "माझी."

आणि सांगितलं. निळी फाईल, फोन, 'मी सांगतेय ना', फाटक, ती पंधरा मिनिटं, सगळं. तो रुग्ण म्हणजे या पलंगावरची माझी आई, हेही सांगितलं. सांगताना मी सिस्टरकडं बघू शकले नाही, म्हणून मावशींच्या हातातल्या नेलकटरकडं बघत होते. ते थांबलं होतं.

अध्यक्षबाईंचा पारा चढला. "वा गं वा! स्वतःच बोलावून घ्यायचं, आणि परत आम्हालाच कागद समोर धरून विचारायचं, रुग्णाला कधी सोडलं का म्हणून! वड्याचं तेल वांग्यावर!" मग त्या मावशींकडं वळल्या. "आणि तुला तोंड नव्हतं का? मी नाव काढलं तेव्हा तरी बोलायचं."

"काय बोलू?" मावशी म्हणाल्या. "मला नंबर होता. ताईंना कुठं नंबर होता? त्यांचं नाव उघडं पडलं असतं. आणि गेले तर मीच होते ना. पाय माझेच होते."

हे त्या रागानं म्हणाल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मला रडू फुटलं. रडले सगळ्यांसमोर, लाज न बाळगता. कुणी समजूत घातली नाही, आणि ते बरोबरच होतं.

डेटासाहेब हळूच म्हणाले, "मॅडम, 'वैयक्तिक' हा शब्द माझा. तो काढतो. हरकत कुणाची म्हणून छापू? तुम्हालाही नंबर..."

"नंबर नको. नाव लिहा. पूर्ण, हुद्द्यासकट."

त्यांनी हरकतीखाली माझं नाव लिहिलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, यादीत नाव उद्याच्या उद्या परत घालते. मावशींनी मान हलवली आणि पुढच्या बोटाचं नख कापलं. डेटासाहेबांनी सुधारलेलं वाक्य वाचून दाखवलं: "'कक्षाच्या समन्वयक बाईंच्या सांगण्यावरून, त्यांच्याच कामासाठी, सहभागी क्र. ११ हिला चाळीस मिनिटे बाहेर जावे लागले. रुग्ण त्या वेळी झोपेत...'"

"नाही."

आवाज पलंगावरून आला. आई फारशी बोलत नाही. एकेक शब्द तिला ओढून काढावा लागतो, म्हणून आम्हीही तिला फारसं विचारत नाही.

"काय नाही, आई?"

"झोपले... नव्हते."

मावशींच्या हातातलं नेलकटर खाली पडलं. "आजी, मी निघाले तेव्हा तुमचे डोळे मिटलेले होते. मी दोनदा बघितलं."

"दार... वाजलं. जागी झाले." आईनं ओठ ओले केले. सगळी खोली तिच्या तोंडाकडं बघत होती. "हाक मारली."

"कुणाला?" मी विचारलं. का विचारलं कुणास ठाऊक.

"तुला." मग डाव्या हाताचं बोट मावशींकडं गेलं. "मग हिला." ते बोट परत चादरीवर आलं. "मग... कुणालाही."

मावशींनी तिचा पाय दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. मी उभीच होते, शेहेचाळीस पानं हातात घेऊन. वर्षभर आई हे पोटात ठेवून होती आणि आम्ही दोघी तिच्या अंगावरून चादरी बदलत होतो. चौदा जणींच्या मुलाखती झाल्या, चौदा संमतीपत्रं झाली. पलंगावरच्या माणसाला विचारावं, हे त्या शेहेचाळीस पानांत कुणालाच सुचलं नव्हतं.

"यांचं संमतीपत्र नाहीये आपल्याकडं," डेटासाहेब कुजबुजले. "हरकत घेता येईल का?"

"तिच्याबद्दलच लिहिलंय ना?" सिस्टर म्हणाल्या. "लिहून घ्या. नाव विचारा तिला."

डेटासाहेबांनी खिडकीतून उठून, पलंगाजवळ खाली बसून, आईला तिचं नाव विचारलं. आईनं सांगितलं. वेळ लागला, एकेक अक्षर. मध्ये मी सांगायला गेले तर तिनं डावा हात वर करून मला गप्प केलं. आडनावापर्यंत सगळं तिनंच सांगितलं आणि डेटासाहेबांनी लिहिलेलं तिला दाखवलं तेव्हाच हात खाली घेतला.

मावशींनी तिला पाणी पाजलं, हनुवटी पुसली. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "पंधरा पानं राहिलीत. वाचा."

मी वाचली. शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. कुणी पेंगलं नाही.

साडेसात वाजता सगळ्या पांगल्या. मावशी शेवटी निघाल्या. दारात चप्पल घालत होत्या, तेव्हा मी विचारलं, "उद्या...?"

"उद्या बिशप यायचेत ना तुमच्याकडं? जा तुम्ही. मी आठला येते." त्यांनी पिशवी खांद्याला लावली, एकदा आत पलंगाकडं वाकून बघितलं. "पण फोन केलात तर उचलणार नाही. आत्ताच सांगून ठेवते."